वायंगणीच्या वाळूवर

शुक्रवार

महाशिवरात्र झाली की कोकणच्या किनाऱ्यावर कासवांची दोन्ही कामं एकदम चालू असतात. हंगाम संपता संपता येणाऱ्या माद्या अजून अंडी घालत असतात आणि डिसेंबर-जानेवारीत घातलेल्या अंड्यांतून पिल्लं वर यायला लागलेली असतात. वायंगणीत ज्या काकांकडे उतरायचं होतं त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "ताई, अमावास्येच्या वक्ताक येवा. काळोख बरो असता." म्हणून शिवरात्रीनंतरचा शनिवार-रविवार धरला, शुक्रवारची रजा टाकली आणि सकाळी लवकर कोल्हापूर सोडलं. गाडीत मी, आबा आणि माझी भाची. ती सातवीत आहे. वहीची पहिली दोन पानं तिने प्रश्नांनीच भरून आणली होती. आबांनी पंचगंगेतली कासवं लहानपणापासून पाहिलेली, समुद्रातलं मात्र एकही नाही. तेवढ्यासाठी ते निघाले होते.

कागल, निपाणी, उत्तूर असा रस्ता. गळिताचा हंगाम चालू, त्यामुळे उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे गाडी रखडत चाललेली. आजऱ्यात नाष्टा, आंबोलीत चहा. घाट उतरून सावंतवाडीत शिरलो तेव्हा हवा अंगाला चिकटायला लागली आणि जेवायच्या वेळेला आम्ही वेंगुर्ल्याच्या पुढे वायंगणीत पोचलो. काकींनी बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला. आबा दोनदा भात घेऊन जेवले.

इथे येणारी कासवं ऑलिव्ह रिडले जातीची. पूर्ण वाढलेल्या मादीचं कवच दोन-सव्वादोन फूट लांब आणि वजन चाळीस किलोच्या आसपास. ओडिशात गहिरमाथा, ऋषिकुल्या या किनाऱ्यांवर ती लाखोंनी एकदम येतात. महाराष्ट्रात तसं होत नाही. आपल्याकडे एकेकटी मादी, कुठल्याही रात्री, कुठल्याही वाळूवर चढते, तासाभरात अंडी घालून परत जाते. ओडिशात कासवं आली की पेपरात येतं. इथे पहाटे कुणी किनारा पायाखाली घातला नाही, तर कासव येऊन गेल्याचं फक्त कोल्ह्या-कुत्र्यांना कळतं. राखणीचं काम इथे अवघड आहे ते या एकेकटेपणामुळे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रोज पहाटे कुणीतरी चालायला हवं आणि त्यातल्या बहुतेक पहाटे हाती काहीच लागत नाही.

या कामाची महाराष्ट्रात सुरुवात झाली २००२ साली, रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला वेळास गावात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तिथे गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला घेतली. त्याआधी वाळूतली अंडी उकरून न्यायची, विकायची, खायची हेच चाललेलं होतं. पुढे २००६ पासून वेळासला कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांत राहायला लागले आणि राखणीला गावातून माणसं मिळायला लागली. आता रायगडपासून सिंधुदुर्गपर्यंत अनेक गावांत वनविभाग आणि कांदळवन प्रतिष्ठानच्या मदतीने गावचे कासवमित्र हे काम करतात. आमचे काका त्यांच्यापैकीच. अंड्यांचा विषय निघाल्यावर त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "ल्हानपणी आमी पण खाल्लेली असत. आता मीच राखतंय."

संध्याकाळी त्यांनी हॅचरी, म्हणजे उचलून आणलेली अंडी राखायची जागा, दाखवली. भरतीच्या रेषेच्या बरीच वर, वाळूतच केलेलं कुंपण. चारी बाजूंनी जाळी, तीही जमिनीखाली हातभर पुरलेली, म्हणजे कुत्र्याला किंवा कुर्लीला खालून उकरून आत जाता येऊ नये. वर अर्ध्या भागावर हिरवं शेडनेट. आत ओळीने छोट्या पाट्या रोवलेल्या, प्रत्येकीवर अंडी घातल्याची तारीख आणि अंड्यांची संख्या. ज्या घरट्यांचे दिवस भरत आले होते त्यांच्यावर बांबूच्या टोपल्या पालथ्या घातलेल्या. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्लं बाहेर येतात. पन्नासावा दिवस उलटला की काका दर दोन-तीन तासांनी टोपली उचलून बघतात.

रात्री जेवणं झाल्यावर अंगणातला दिवा काकींनी मालवला. समुद्राच्या बाजूच्या खिडकीला जाड गोणपाट लावलेलं होतं. भाचीने कारण विचारलं. काकांनी तिला अंगणाच्या टोकाला नेलं आणि समुद्राकडे बघायला सांगितलं. चंद्र नव्हता, तरी क्षितिजाची पट्टी मागच्या माडांपेक्षा उजळ दिसत होती. वाळूतून वर आलेलं पिल्लू या उजेडाकडे चालतं. त्याला दुसरं काही माहीत नसतं. मागे हॉटेलचा दिवा असेल तर ते दिव्याकडे वळतं, झुडपांत शिरतं, आणि उन्हं वर आली की सुकून मरतं. मादीही उजेड आणि हालचाल दिसली तर अर्ध्या वाटेवरून परत फिरते. "तुमी लोक समुद्र बघूक येतास, मगे लाइट समुद्राच्या बाजूक कित्याक लावतास?" काकांनी सरळ विचारलं. किनाऱ्यावर झगमगाट असलेली खोली आपल्याला जास्त आवडते आणि तिचे आपण जास्त पैसे देतो, हे खरं उत्तर. मी ते दिलं.

शनिवार

पावणेचारला काकांनी दार वाजवलं. बॅटरीच्या काचेवर लाल कागद चिकटवलेला. तीही गरज पडली तरच लावायची. पायात चपला, हातात काठी, आणि तोंडातून शब्द नाही. अमावास्या नुकतीच होऊन गेल्यामुळे उधाणाचे दिवस होते. मध्यरात्रीनंतर भरती लागून पाणी परतायला लागलं होतं. ओली वाळू पायाला थंड लागत होती. काका पुढे, भरतीच्या रेषेला धरून. मागे आम्ही एका ओळीत, म्हणजे आमच्याच पायांनी माग पुसला जाऊ नये.

बराच वेळ काही नव्हतं. खेकड्यांची बिळं, वाहून आलेली नारळाची करवंटी, नायलॉनच्या जाळ्याचा निळा गुंता. तो काकांनी उचलून खांद्यावर टाकला. मग ते थबकले.

ओल्या शेतातून उसाची ट्रॉली निघाल्यावर जसे चाकांचे खोल वळ उठतात तसा एक पट्टा पाण्यातून वर आलेला होता, आणि त्याच्या बाजूने दुसरा पट्टा खाली गेलेला. दोन्हीकडे वल्ह्यांसारख्या पायांनी ढकललेल्या वाळूचे आडवे उंचवटे, डावा-उजवा आलटून पालटून, मधे पोट घासत गेल्याची गुळगुळीत पट्टी. काकांनी लाल उजेडात दोन्ही माग वाचले. एका ठिकाणी खाली जाणारा माग वर येणाऱ्याला कापत होता. तो थेट ओल्या वाळूपर्यंत उतरला होता आणि भरतीच्या रेषेखालीही पुसलेला नव्हता. म्हणजे पाणी परतायला लागल्यावरच ती समुद्रात गेली. "दोन तासांच्या आतली," काका म्हणाले. कासव आम्हाला दिसलं नाही. ते दिसलं नाही याची हळहळ मला वाटली नाही, कारण ती निर्धास्त येऊन निर्धास्त गेली होती.

वर जिथे माग संपला तिथे वाळू बरीच विस्कटलेली. अंडी घालून झाल्यावर मादी खड्डा बुजवते, अंग डावीकडे-उजवीकडे आपटून वाळू दाबते आणि मग जागा कळू नये म्हणून सगळीकडे वाळू उडवते. त्या पसाऱ्यात काकांनी बारीक काठी हलक्या हाताने टेकवत नेली. एका जागी काठी किंचित सैल गेली. तिथे गुडघे टेकून त्यांनी हातांनी वाळू काढायला सुरुवात केली. कोपरापर्यंत हात गेल्यावर थांबले. "असत."

शक्य असेल तिथे घरटं जागच्या जागी ठेवावं, असं त्यांचं मत. पण हे भरतीच्या रेषेपासून दहा-बारा पावलांवर होतं, पुढच्या उधाणात त्यात पाणी शिरलं असतं. शिवाय कुत्र्यांच्या पावलांचे ठसे अगदी जवळ. म्हणून अंडी हॅचरीत हलवायची ठरली आणि घाई सुरू झाली. घाईचं कारण असं की घातल्यानंतर काही तासांत अंड्यातला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर तो सुटतो आणि मरतो. म्हणजे चांगल्या मनाने पण उशिरा उचललेलं घरटं चोरीला गेलेल्या घरट्याइतकंच वाया जातं.

आम्हाला अंड्यांना हात लावायचा नव्हता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात समुद्री कासव पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीने, आणि हात लावायची मुभा फक्त नेमलेल्या माणसांना. भाचीकडे मोजणीचं काम आलं. काका एकेक अंडं दोन बोटांत धरून, ज्या बाजूने वर आलं त्याच बाजूने, बादलीत तळाला घरट्यातलीच ओली वाळू घालून ठेवत होते. अंडं लिंबाएवढं, पांढरंशुभ्र, चिकट ओलाव्याने चकाकणारं. कोंबडीच्या अंड्याचा कडकपणा त्याला अजिबात नाही. कवच चामड्यासारखं मऊ असतं आणि ताज्या अंड्यावर बोट टेकल्यासारखा एक खळगा असतो. अंडं वाळूतला ओलावा शोषून घेतं तसा तो खळगा एक-दोन दिवसांत भरून येतो. मऊ असल्यामुळेच हातभर उंचीवरून एकावर एक पडूनही ती फुटत नाहीत. भाची कुजबुजत्या आवाजात आकडे म्हणत होती. शंभर ओलांडल्यावर तिचा आवाज जरा चढला, काकांनी मान वर केली, ती परत कुजबुजायला लागली. ११२.

हॅचरीपर्यंत काका बादली न झुलवता, दोन्ही हातांनी पोटाशी धरून चालत गेले. तिथे त्यांनी नवा खड्डा घेतला, दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाला रुंद. मादी मागच्या पायांनी असाच खणते आणि कासवमित्राला हातांनी तो आकार जमवावा लागतो. खोली आणि आकार चुकला तर आतली उष्णता बदलते. आणि कासवात नर की मादी हे त्या उष्णतेवरच ठरतं. एकोणतीस-तीस अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही होतात. वाळू त्याहून गरम राहिली तर बहुतेक माद्या, थंड राहिली तर बहुतेक नर. फार तापली तर पिल्लं आतच मरतात. शेडनेट त्यासाठी आहे. एप्रिलमध्ये वाळू भाजायला लागते तेव्हा ते पुरं पडेल ना, ही काकांची दर वर्षीची काळजी. उन्हाळे तापत चाललेत तशी ती वाढतेय.

११२ ची पाटी रोवून होते तोवर फटफटलं. आणि काकांनी शेजारच्या ओळीतली टोपली उचलली तर खाली वाळू हलत होती.

पिल्लं अंडं फोडल्याबरोबर बाहेर येत नाहीत. काही दिवस ती खालीच असतात. पोटाला लागलेला बलक अंगात मुरतो, वाकलेलं कवच सरळ होतं. मग सगळी मिळून हातपाय मारतात, वरची वाळू ढासळून खाली येते, ती पायाखाली घेऊन सगळा घोळका थोडा वर सरकतो. एकट्या पिल्लाला हे जमलं नसतं. वरची वाळू गार लागली की ती बाहेर पडतात, म्हणून बहुधा रात्री किंवा पहाटे. त्या दिवशी वर आली ती तीसेक असतील. काळपट राखाडी, बोटाच्या दोन पेरांएवढी, वजन पंधरा-सोळा ग्रॅम. पाठीवर ओली वाळू, डोळ्यांच्या कडांना वाळू, आणि पुढचे पाय अंगाच्या मानाने फारच लांब.

तोवर गावातले आणि पाहुणे मिळून पंधरा-वीस माणसं जमली होती. काकांनी पाण्यापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरी धरली आणि मधल्या वाळूवरून फळी फिरवून सगळे पायठसे बुजवले. माणसाच्या टाचेचा खळगा त्या पिल्लाला ओलांडायला किती वेळ लागतो हे पाहिलं की फळीचं महत्त्व कळतं. पाण्यापासून बरंच वर टोपली ठेवून त्यांनी पिल्लं वाळूवर सोडली. एका पाहुण्यांनी विचारलं, थेट पाण्यातच का सोडत नाही? ही चाल त्यांना लागते, काका म्हणाले. चालताना अंग तापतं, पोहायला दम येतो. आणि ज्या किनाऱ्यावरून पिल्लू समुद्रात उतरतं त्याची खूण त्याच्यात कुठेतरी राहते. दहा-पंधरा वर्षांनी अंडी घालायला आलेली मादी बहुतेक आपल्या जन्माच्याच परिसरात येते.

पहिली काही क्षणभर थांबली, मग उजेडाकडे तोंड करून सुटली. एक पिल्लू एका शिंपल्याला अडलं, वळलं, परत अडलं. उचलून बाजूला ठेवावंसं प्रत्येकालाच वाटत होतं. कुणी ठेवलं नाही आणि ते सुटलं. पहिल्या लाटेने तिघा-चौघांना उलटं आणून वाळूत टाकलं. दुसऱ्या लाटेबरोबर ती गेली. लाटेच्या आत शिरल्यावर ती थांबत नाहीत. सुमारे दिवसभर सलग पोहत किनाऱ्यापासून लांब जातात, पोटातल्या बलकाच्या जोरावर. किनाऱ्यालगत घारी, बगळे आणि मोठे मासे त्यांची वाट बघत असतात. हजारातलं एखादंच मोठं होतं असं म्हणतात. आबा वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून शेवटचं पिल्लू दिसेनासं होईपर्यंत बघत होते. "एवढंसं वझं न्हाई, आन् निघालंय कुठं," असं म्हणून ते सरळ झाले आणि त्यांनी डोळे पुसले.

दुपारी वेंगुर्ला बंदरावर गेलो. नुसतं वाळूवर बघून हा विषय पुरा होत नाही, कासवांचं जास्त मरण पाण्यात आहे. कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं. जाळ्यात अडकून बराच वेळ खाली राहिलं तर ते बुडून मरतं. जाळी दुरुस्त करत बसलेल्या एका मच्छीमाराने जाळ्याच्या फाटक्या भागात हात घालून दाखवलं, कासव असं फिरतं आणि सगळं जाळं स्वतःभोवती गुंडाळून घेतं. सोडवायचं तर जाळं कापावं लागतं. कापलेलं जाळं म्हणजे बुडालेली कमाई. २०१८ च्या डिसेंबरात राज्य सरकारने ठरवलं की कासव किंवा दुसरा संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापलं तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायची, जाळं कापतानाचा फोटो पुरावा म्हणून धरायचा. या एका निर्णयाने कासव वाचवण्याचा भार एकट्या कोळ्याच्या खांद्यावरून थोडा तरी उतरला, असं मला वाटतं. गरिबाने पदरमोड करून निसर्ग वाचवावा आणि आपण त्याला शाबासकी द्यावी, हे मला पटत नाही. सुरमईची रास बघून आबांनी भाव विचारला तर तो माणूस म्हणाला, "ह्या सगळा तुमच्या घाटार जाता." बरोबर आहे. आमच्या ताटातला मासा याच पाण्यातून येतो, कासव अडकतं त्याच जाळ्यातून.

संध्याकाळी परत किनाऱ्यावर आलो तर एक मोठी काळी गाडी थेट वाळूवर उतरून पाण्याच्या कडेने गोल फिरत होती. गाण्याचा आवाज, पाच-सहा पोरं, नंबर एमएच ०९. आमच्याच गावची. काका पुढे निघाले होते. आबांनी त्यांचा हात धरून थांबवलं आणि स्वतः गेले. गाडी थांबली. आबा आवाज न चढवता बोलले, "पोरांनो, ही चाकोरी बघा. टाचेएवढ्या खळग्यात पिल्लू अडतंय, ह्यातनं ते वर कसं येणार? आन् खाली अंडी असली तर?" एकजण म्हणाला, आजोबा, आम्हाला काय माहीत. "न्हाई ना माहीत, म्हणूनच सांगतोय. देवळात गेल्यावर गाभाऱ्याम्होरं कासव असतंय. त्येच्या पाठीवर पाय देतोस का रं?" पोरगा गप्प झाला. गाणं बंद झालं. गाडी वर घेतली, आणि त्यातली दोघं परत येऊन काकांबरोबर फळी घेऊन चाकोऱ्या बुजवायला लागली. काळोख पडेपर्यंत ते काम चाललं. कासव देवळात सगळ्यांना ठाऊक आहे, तेच वाळूवर ओळखायचं राहून गेलंय.

त्या संध्याकाळी एकही टोपली हलली नाही. काही पाहुणे चिडून परत गेले.

रविवार

सकाळी घरटं उघडायचं होतं. पिल्लं वर येऊन गेल्यावर एक-दोन दिवस थांबून ते घरटं तळापर्यंत उकरतात. बघायला हे सुखाचं नाही आणि पाहुण्यांना सहसा दाखवत नाहीत, पण भाचीने वहीतला प्रश्न वाचून दाखवला आणि काकांनी तिला जवळ बसवून घेतलं. फुटकी कवचं एका बाजूला, न उबलेली अंडी दुसरीकडे, आतच मेलेली पिल्लं तिसरीकडे. कवचं ओल्या कागदासारखी चुरगळलेली, मुंग्या लागलेल्या. सगळं मोजून रजिस्टरमध्ये लिहायचं, मग ते वनरक्षकाकडे जातं. कुठल्या महिन्यातलं घरटं जास्त तापलं, कुठे पाणी शिरलं, हे या आकड्यांवरून पुढच्या हंगामात कळतं. तळाशी दोन पिल्लं जिवंत सापडली, मुळांत अडकलेली. भाचीने मेलेल्यांचा आकडा लिहिताना हात थांबवला, मग लिहिला.

तिथे आलेल्या वनरक्षकांनी एका कासवाची गोष्ट सांगितली आणि ती मी त्यानंतर जाता-येता सगळ्यांना सांगते आहे. २०२२ च्या जानेवारीत वेळासला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं, तिचं नाव ठेवलं प्रथमा. मग आंजर्ले, गुहागरच्या माद्यांना तशीच यंत्रं लावली. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री केरळ, श्रीलंका ओलांडून बंगालच्या उपसागरात पोचली. तोवर पश्चिम किनाऱ्यावरची आणि पूर्व किनाऱ्यावरची कासवं वेगवेगळी असावीत असं मानलं जायचं. आणि २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूवर अंडी घालताना एक मादी दिसली, तिच्या पायाला धातूचा बिल्ला होता, क्रमांक ०३२३३. तो बिल्ला २०२१ साली ओडिशात लावलेला. साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास समुद्र पार करून ती आपल्या कोकणात अंडी घालायला आली होती. एका देशाचे दोन किनारे एका कासवाने जोडून दाखवले.

परतताना आंबोलीत हिरण्यकेशीच्या देवळाशी थांबलो. गुहेतून पाणी येतं, कुंडात पडतं. त्यात सापडणाऱ्या एका छोट्या माशाची जात नवीन असल्याचं २०२० मध्ये जगाला कळलं आणि २०२१ मध्ये हे ठिकाण जैविक वारसा स्थळ झालं. इथून समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी हे पाणी त्या बाजूला जात नाही. आजरा, गडहिंग्लज करत घटप्रभेत, तिथून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. आमची पंचगंगाही नृसिंहवाडीला कृष्णेलाच मिळते. म्हणजे कोल्हापुरात नदीत टाकलेली पिशवी जाईल तर पूर्वेच्या समुद्राकडे. ०३२३३ तिकडचीच. हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते पाण्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे आपली सोयरीक दोन्हीकडं हाय की."

आजऱ्यात घनसाळ तांदूळ घेतला आणि रात्री नऊच्या आत घरी.

सोमवार

मी शिकवते त्या आठवीच्या वर्गात हे सगळं सांगितलं. पुस्तकातला धडा त्या तासापुरता बाजूला राहिला. पोरांचे प्रश्न थांबेनात. आई निघून जाते तर पिल्लांना रस्ता कोण दाखवतं? आधी उजेड, मग लाटांची दिशा, आणि खोल समुद्रात पृथ्वीच्या चुंबकत्वाची जाणीव. त्यांना लहान असताना कुठे बघायचं? बघता येत नाही, किनारा सोडल्यापासून मोठी होईपर्यंतची त्यांची वर्षं अजून शास्त्रज्ञांनाही नीट कळलेली नाहीत. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं की त्या ११२ अंड्यांचं काय होणार. पन्नासेक दिवस धरले तर एप्रिलचा तिसरा आठवडा. परीक्षा तोवर संपलेल्या असतात.

मधल्या सुट्टीत काकांना फोन लावला. वर्गात किती पोरं, एवढंच त्यांनी आधी विचारलं. मी म्हटलं, बेचाळीस.

"इतकी एकदम नको. पंधरा-पंधरा करून आणा. फोनचे फ्लॅश बंद, अंगाक अत्तर-बित्तर नको. आणि पिल्लां नाय इली तरी रडूचा नाय, ह्या आधी सांगून ठेवा. बस देवळाकडे थांबवा, खाली आणू नको."

पहिल्या पंधरा जणांची यादी आज फळ्यावर लागली. चिठ्ठ्या टाकून नावं काढली. ज्यांची आली नाहीत त्यांच्यासाठी मे महिन्याच्या आत आणखी दोन फेऱ्या करायच्या आहेत. त्यासाठी बसचं भाडं कसं जमवायचं यावर शुक्रवारी पालकांची बैठक आहे.